दगडावरचा थ

कुणीच हसले नाही.

मी विनोद केला होता असेही नाही. पण वाक्याच्या शेवटी ज्या तोऱ्यात मी थांबले होते, त्याला निदान एखादा हुंकार मिळेल अशी माझी खात्री होती. “ज्यानं हे कोरलं त्याचा हात पक्का होता,” मी म्हणाले होते, “शुद्धलेखन मात्र अगदीच कच्चं.” त्यानंतर डॉ. उपळेकरांच्या खोलीत छताच्या पंख्याची कुरकुर तेवढी उरली. डॉक्टर या मनोरुग्णालयाचे अधीक्षक. ते आवाराच्या नकाशावर बोट टेकवून तसेच बसून राहिले. गफूरमिस्त्री हे गावात कबरींचे दगड घडवणारे एकमेव कारागीर. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसून गुडघ्यावरच्या टोपीची घडी घालत होते. आणि दारात, चहाचा ट्रे दोन्ही हातांनी धरून, स्त्री विभागातल्या आया अनसामावशी उभ्या होत्या. टेबलावर पसरलेल्या माझ्या कागदावरून त्यांची नजर हलत नव्हती.

कागद पतंगाचा होता, पांढरा, पातळ. दगडावर तो ताणून धरून वरून कोळसा फिरवून मी ठसा घेतला होता. काळ्या धुरकट पार्श्वभूमीवर अक्षरे पांढरी उमटली होती. एका ठिकाणी मी पेन्सिलीने त्यांना थोडी मदत केली होती.

“यमुना येथे,” मी पुन्हा वाचून दाखवले. “त्यानं ‘येथे’ऐवजी ‘येते’ लिहिलंय. किंवा थची गाठ झिजली असेल. वाक्यही अर्धवट सोडलंय.”

“ते येतेच हाय,” मावशी म्हणाल्या.

“काय?”

“यमुना येते.”

मावशींचा उच्चार मला परिचयाचा होता. त्या ‘रजिस्टर’ला ‘रिजिष्टर’ आणि ‘ऑक्सिजन’ला ‘आक्शीजन’ म्हणत. मी हसून, एखाद्या लहान मुलाला शिकवावे तसे ओठांवर जोर देत म्हटले, “येथे, मावशी. थ, थ.”

“मावशी, चहा द्या,” डॉक्टर म्हणाले.

“व्हय साहेब. आमची शाळा आपली चौथीपत्तोर.” त्यांनी तीन कप मांडले. माझा कप मात्र त्यांनी माझ्या हाती न देता ठशाच्या कागदापासून लांब, टेबलाच्या टोकाला ठेवला.

त्या गेल्यावर मिस्त्रींनी घसा खाकरला. “मॅडम, मी हात फिरवून बघितला दगडावर. मला तिथं गाठ लागली नाही.”

“झिजलीय म्हणून लागली नाही.”

“झिजली तरी खड्ड्याचा तळ राहतो. बोटाला कळतं.”

“चाळीसेक पावसाळे झालेत, मिस्त्री.”

“काळा दगड आहे मॅडम. त्याला चाळीस पावसाळे म्हणजे काल-परवा.” मग त्यांनी टोपी उलगडून डोक्यावर ठेवली. “पण माझं काय? मी कागदाबाहेर जात नाही. माझ्या वालिदांनी एकदा तोंडी सांगण्यावरून नाव कोरलं, ते जिवंत माणसाचं निघालं. तेव्हापासून आमच्या घरात कागद. तुम्ही लिहा, खाली सही करा. जेवढं लिहाल तेवढं कोरतो. एक काना कमी नाही, एक जास्त नाही.”

“तेच हवंय मला,” मी म्हणाले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मराठीची एम.ए., आणि बंद पडत चाललेल्या दोन नियतकालिकांत छापून आलेल्या सहा कविता, एवढी माझी पुंजी. रुग्णालयाच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायला मला कंत्राटावर घेतले होते. गावापासून ओढा ओलांडला की रुग्णालयाचा काळ्या दगडाचा तट लागे. गावात त्याचे नाव कुणी घेत नसे, ‘पलीकडे’ म्हणत. “त्याच्या भावाला पलीकडे ठेवलाय,” एवढ्यावर समोरच्याला कळे. पण पलीकडच्याही पलीकडे, स्त्री विभागाच्या मागच्या उतारावर, घाणेरीच्या जाळीत आणि कुसळांत चौसष्ट दगड उभे होते, हे गावाला माहीत नव्हते. ज्यांना घेऊन जायला कुणी आले नाही त्यांना पूर्वी तिथेच पुरत. दगडांवर फक्त क्रमांक होते. एक, दोन, सतरा, तेहतीस. ज्या नोंदवहीत त्या क्रमांकांची नावे होती, ती वाळवीने कधीच संपवली होती.

त्या उतारावर वाहनतळ करायचे ठरले होते. डॉक्टर उपळेकरांनी त्याविरुद्ध अकरा पत्रे लिहिली; एकालाही उत्तर नाही. बाराव्या पत्राला पुरातत्त्व खात्याकडून उत्तर आले, ते मला आजही पाठ आहे: ‘केवळ क्रमांक असलेले दगड हे हद्दीचे दगड असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तथापि लेखयुक्त दगड आढळल्यास पाहणी करता येईल.’ चौसष्टांपैकी लेखयुक्त दगड एकच. मागच्या बाजूला एक्केचाळीस हा क्रमांक, पुढच्या बाजूला ही दोन अक्षरपुंजांची ओळ. एकवीस मार्चला पाहणी अधिकारी येणार होते. त्यांना ती ओळ स्वच्छ वाचता आली, तर उताराला कुंपण मिळणार होते. नाही आली, तर बावीस तारखेला सपाटीकरणाचे यंत्र. त्रेसष्ट माणसांचे मेलेले असणे एका यमुनेच्या अक्षरांवर टांगलेले होते.

ते तीन आठवडे मी सतत कुणावर तरी चिडलेली होते. फाटकाची किल्ली ज्याच्याकडे असे तो लिपिक अकराला येई आणि किल्ली घरी विसरलेली असे. पाण्याच्या नळासाठी दिलेला अर्ज, ‘मयतांना पाण्याची आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा घेऊन परत आला. एका सोमवारी मी पोचले तर बांधकाम विभागाच्या माणसांनी पहिल्या रांगेतल्या बारा दगडांना चुना फासलेला. साहेब येणार म्हणून. पांढरे शुभ्र, ओळीने उभे, रस्त्याच्या कडेला झाडांच्या बुंध्यांना फासतात तसे.

“दगड बोलताहेत आणि तुम्ही त्यांच्या तोंडात चुना भरताय!” मी ओव्हरसियरवर ओरडले.

“मॅडम, बोलतोय तो एकच,” तो शांतपणे म्हणाला. “बाकीचे नुसते पाढे म्हणतायत.”

त्याची माणसे हसली. मी चार दिवस काथ्या आणि पाण्याने बारा दगड घासत बसले. नखांतला चुना जाईना. घासताना मी एकच वाक्य पुटपुटत होते, आणि पुढे ते मी अहवालाच्या पहिल्या पानावरही घातले: एकही अक्षर जाता कामा नये.

आणखी एका माणसाचा मला त्रास होता. यल्लाप्पा नावाचा सत्तरीचा रुग्ण. तो कित्येक वर्षांपूर्वीच बरा झालेला होता, पण नेणारे कुणी नसल्यामुळे पुरुष विभागातच राहिलेला. कागदावर त्याचा व्यवसाय ‘मजूर’ असा लिहिलेला होता. सकाळची मोजणी झाली की दहाच्या सुमारास तो निळ्या सदऱ्यात उतार चढून येई, एक्केचाळीसाव्या दगडापाशी शिरीषाच्या सावलीत बसे, आणि उजव्या हाताचा अंगठा त्या ओळीवरून फिरवत राही. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून. मला ते पाहवत नसे. उरलीसुरली अक्षरे हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत पुसतो आहे असे वाटे.

“बाबा, हात नका लावू. झिजतंय ते.”

तो माझ्या कोळशाने काळ्या झालेल्या बोटांकडे पाही आणि अंगठा फिरवत राही. एका शब्दापलीकडे त्याला बोलताना मी ऐकले नव्हते. बाराची घंटा झाली की तो गुडघ्यांवर हात टेकून उठे, सदरा नीट करे आणि म्हणे, “येतो.”

तो निरोप मलाच आहे असे समजून मी म्हणे, “या.”

मग तो क्षणभर थांबे. माझ्याकडे पाही, काहीसे दचकल्यासारखे, आणि निघून जाई.

मीही संध्याकाळी साडेपाचच्या एसटीसाठी निघताना स्त्री विभागाच्या जाळीच्या खिडकीशी थांबत असे. आत अनसामावशी औषधांच्या वाट्या मोजत असत. “येते, मावशी.” त्या वर न पाहता म्हणत, “ये गं पोरी. सांभाळून.” त्या दिवशी, चहाच्या प्रसंगानंतर, त्यांनी वर पाहिले. जाळीतून बराच वेळ पाहिले.

“मघाशी साहेबांच्या म्होरं मी बोलले त्ये—” त्या म्हणाल्या.

“अहो मावशी, मनावर नका घेऊ. सगळ्यांचंच चुकतं शुद्धलेखन. माझी एसटी जाईल.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मी उद्यापास्नं न्हाई. भाचीचं लगीन हाय. सोमवारी येते.”

पळत सुटलेल्या मला तो शेवटचा शब्द ऐकू आला होता. ऐकू येणे आणि ऐकणे यांत मी तोवर फरक केलेला नव्हता.

अर्धवट वाक्य मला त्या एसटीतच छळू लागले. यमुना येथे. काय, येथे? कुणाचा हात थांबला असेल? छिन्नी मोडली असेल, की दुपारच्या मोजणीची घंटा झाली असेल, की कुणा अधिकाऱ्याने ‘पुरे’ म्हटले असेल? खिडकीबाहेर उसाचे तुरे एकाच दिशेला कलले होते. त्या कलण्यात मला तो शब्द सापडला. सापडला म्हणजे अंगावर काटा आला. कवितेची ओळ सुचते तेव्हा येतो तसा. विसावली. यमुना येथे विसावली. किती नैसर्गिक, किती नदीसारखे. जणू तो शब्द दगडातच होता आणि वरचा पापुद्रा तेवढा मी काढला होता.

“वा,” दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. दोन वेळा वाचून त्यांनी चष्मा काढला. “पण आपण हे घालावं का? मूळ ओळीत नाही ते.”

“साहेब, मूळ ओळ अपुरी आहे. पाहणी अधिकारी विचारतील, येथे काय? वाहनतळ?”

त्यांना हसू आले. त्यांच्या बदलीला दोन महिने उरले होते, आणि अकरा पत्रांनी ते थकले होते. “बरं. पण त्या अधिकाऱ्यांना हे पुनर्लेखन आहे असं अहवालात स्पष्ट लिहा.”

मी लिहिले. ‘झिजलेली अक्षरे मूळ वळणानुसार ठळक केली.’ माझ्या मते ते खरेच होते. त्याच कागदाच्या पाठोपाठ मी आणखी एक अर्ज टंकलिखित केला: ‘दगडाचे काम सुरू असेतोवर रुग्ण यल्लाप्पा यास पूर्वेकडील उतारावर सोडू नये. त्याच्या स्पर्शाने लेखास हानी पोचते.’ खाली माझी सही. हेमांगी सबनीस, संशोधन सहायक.

गफूरमिस्त्री तीन दिवस काम करत होते. काळा दगड छिन्नीखाली घण्‌घण् वाजे, आणि पुरुष विभागाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गजांआड एक निळा सदरा दिवसभर उभा असे. मी त्याच्याकडे पाठ करून बसत असे. तिसऱ्या दिवशी थची गाठ घालताना मिस्त्री थांबले.

“मॅडम, एकदा बोट लावून बघता?”

“मिस्त्री, आता नको. उद्या पाहणी आहे.”

“बिस्मिल्ला,” ते पुटपुटले, आणि छिन्नी टेकवली.

पाहणी वीस मिनिटे चालली. अधिकारी रुमालाने मान पुसत ओळीपाशी ओणवे झाले. “यमुना येथे विसावली,” ते मोठ्याने म्हणाले. “छान आहे हो. कोण होती ही?”

“नोंदवही उपलब्ध नाही,” डॉक्टर म्हणाले.

“हरकत नाही. लेखयुक्त आहे.” त्यांनी वहीत तो शब्द लिहिला, खाली रेघ मारली, छायाचित्रकाराने चार फोटो घेतले, आणि अकरा पत्रांनी जे झाले नाही ते झाले. वाहनतळ पश्चिमेकडे गेला. डॉक्टरांनी कचेरीत पेढे वाटले. किल्लीवाल्या लिपिकाने तर मला स्वतः फाटक उघडून दिले. शनिवारी संध्याकाळपर्यंत कुंपणाचे खांब आले आणि निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांतली पाटीही लागली: ‘येथे दफनभूमी आहे. येथे वाहने उभी करू नयेत.’

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा दगडापाशी अनसामावशी उभ्या होत्या. लग्नातली नवी नऊवारी, हाताला मेंदी, आणि पिशवीत माझ्यासाठी आणलेले बुंदीचे लाडू. पिशवी त्यांनी खाली ठेवलेली नव्हती.

“ह्ये काय केलंस, पोरी?”

“वाचलं, मावशी! सगळं वाचलं. कुंपण पाहिलंत ना?”

“ह्यो थ कुणी घातला?”

“आधीच होता तो. झिजला होता, आम्ही फक्त—”

“न्हवता.” त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. “मी लिवलाच न्हवता.”

शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळल्या. मला वाक्य कळले होते, पण ते माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता.

“तुम्ही?”

“मग? यल्लाप्पाला कुठं लिवता येतंय? वडाराचं पोर त्ये, बापाबरूबर दगडावर वाढलेलं. हात सोन्याचा, पण अक्षराशी गाठ न्हाई. मी तवा वीस-एकवीसची. लागून दोनच वरसं झाल्याली. मला म्हणला, लिवून दे. मी कोळशानं दगडावर काढून दिलं, त्यानं त्याच्यावरनं कोरलं. माझी चौथीची अक्षरं ती.” त्यांनी बोट पुढे केले, पण दगडाला लावले नाही. “कच्चं शुद्धलेखन.”

मी झोळी खाली ठेवली.

“यमुना बरी झाल्याली,” मावशी म्हणाल्या. “कागद झालेला घरी सोडायचा. भाऊ शनवारी येतो म्हणून पत्र आलतं. शनवारी सकाळी तिनं येणी-फणी केली, गाठोडं बांधलं, आणि खाटंखाटंला जाऊन सांगितलं, येते गं. येते हं. जाते म्हणायचं नसतंय की. फाटकापशी जाऊन बसली. भाऊ आला न्हाई. पाचाला माघारी आली. फुडच्या शनवारी पुन्ना. मी लागले तवा नववं वरीस चाललं व्हतं तिचं. पोरी हसायच्या, म्हणायच्या, आली का गं यमुना जाऊन? ती बी हसायची. पर शनवार चुकला न्हाई. यल्लाप्पा तवा फाटकापशी फरशी बसवायचा. जाताना त्याला म्हणायची, येते हं यल्लाप्पा. त्यो म्हणायचा, या. बास, एवढंच त्यांचं बोलणं. दोन वरसं मी ह्या डोळ्यांनी बघितलं.”

“मग?”

“मग काय. शुक्रवारी रात्री तापानं गेली. शनवारी पुरली. यल्लाप्पानं त्या वेळच्या साहेबाच्या हातापाया पडून दगड मागून घेतला. मी इचारलं, काय लिवू? नाव लिवू, गाव लिवू, साल? म्हणला, येते लिव. मी म्हणलं, आरं, ती गेली की. तर माझ्यावर भडकला. म्हणला, गेली न्हाई. जाते म्हणली का कधी ती?”

मावशींनी नाकाशी पदर नेला आणि खाली घेतला.

“त्या दिवशी साहेबांम्होरं तुम्ही—” मी म्हटले. “तुम्ही हे सांगायला हवं होतं.”

“सांगितलं की. ‘येते’च हाय म्हणलं. तू मला थ शिकवलास.” त्या निळ्या पाटीकडे वळल्या. “आणि येथे म्हंजी काय गं? बोलताना कोण म्हणतंय येथे? येथे थुकू नये. येथे रांग लावावी. पाटीवरचा शब्द त्यो. यमुना काय पाटी व्हती?”

मी दगडाकडे पाहत होते. कोवळ्या उन्हात नवी अक्षरे राखाडी-पांढरी चमकत होती. ‘विसावली’चा वेलांटीचा फाटा तर फारच देखणा साधला होता.

“रोज साडेपाचाला खिडकीत काय म्हणतीस तू मला?” मावशींनी विचारले.

उत्तर त्यांना ठाऊक होते.

पिशवीतला कागदी पुडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “खा. लग्नाचं हाय,” म्हणाल्या, आणि कामावर गेल्या. मी झोळीतून पतंगाचा कागद काढला. कोळशाच्या ठशात त स्वच्छ होता, तळापासून माथ्यापर्यंत, कुठेही न झिजलेला. थची गाठ पेन्सिलीची होती. पेन्सिल माझी होती. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. घरे बदलली तरी तो कुठल्या कपाटात आहे हे मला न शोधता सांगता येते.

दहा वाजता निळा सदरा उतार चढून आला. मनाई त्याच सकाळी उठली होती. आठवड्याभरात तो अधिक वाकल्यासारखा दिसत होता. कदाचित मीच त्याला पहिल्यांदा नीट पाहत होते. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. सावलीत बसला. अंगठा पुढे केला.

य. मु. ना. अंगठा नेहमीच्या वेगाने चालला होता. ये. पुढे तो थची नवी गाठ होती तिथे अडखळला, खड्ड्यात उतरला, बाहेर आला. यल्लाप्पाने हात मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. य, मु, ना, ये. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले होते. मग अंगठा चाचपडत खाली उतरला, जिथे पूर्वी नुसता सपाट दगड होता तिथे, आणि त्याला ‘विसावली’ लागली. तिच्या कडा अजून धारदार होत्या. त्याने बोट उचलून डोळ्यांसमोर धरले. त्यावर पांढरी भुकटी होती. ती त्याने सदऱ्याला पुसली.

“बाबा,” मी म्हणाले, “माझी चूक झाली.”

तो दगडाकडेच पाहत होता.

“मी दुसरा दगड आणवते. काळाच. मिस्त्री घडवून देतील. मावशी पुन्हा लिहून देतील, तुम्ही कोरा. होतं तसं. कोराल ना?”

वारा पडला होता. स्त्री विभागातून भांड्यांचा आवाज येत होता. मी जे जे सुचेल ते बोलत राहिले: ही ओळ सिमेंटने बुजवता येईल, अहवाल बदलता येईल, पाहणी अधिकाऱ्यांना मी स्वतः पत्र लिहीन. तो ऐकत होता की नाही ते कळत नव्हते. त्याचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले होते, आणि उजवा अंगठा मुठीत आत दुमडलेला होता.

बाराची घंटा झाली.

यल्लाप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठला. सदरा नीट केला. मी उभी राहिले. त्याचा तो एक शब्द येणार म्हणून माझे उत्तर ओठांवर तयार होते. इतके दिवस ते चुकीच्या जागी उभे राहून दिले होते, आज तरी ते योग्य माणसाच्या वतीने द्यावे असे मला वाटले. तो दगडासमोर थोडा वेळ थांबला. मग वळला.

“बाबा,” मी विचारले, “उद्या याल ना?”

तो पाटीच्या बाजूने, नव्या कुंपणाच्या खांबांमधून, उतार उतरत गेला.